पिवळी वायर आधी काढा

डिस्क प्लेअरच्या खोक्यावर एवढे आकडे कशासाठी छापतात? गिऱ्हाइकानं दबून जावं म्हणून. समजून घ्यावं म्हणून छापले असते, तर शेजारी एक ओळ मराठीत असती.

'192 किलोहर्ट्झ, 24 बिट.' '108 मेगाहर्ट्झ, 12 बिट.' 'डीप कलर.' 'फोर-के अपस्केलिंग.' दुकानदार एकेका आकड्यावर बोट ठेवतो, आपण मान डोलावतो. यातलं माझ्या घरापर्यंत नेमकं काय पोचणार, हे विचारतं का कोणी?

विचारायचं फार थोडं असतं. हे डिस्कवर आहे का? वायरीतून जातं का? माझ्या टीव्हीला दाखवता येतं का? तिन्ही ठिकाणी 'हो' आलं तर आकडा खरा. एका ठिकाणी 'नाही' आलं की पैसे पाण्यात.

192 पासूनच धरू. हा आकडा प्लेअरच्या पोटातल्या डॅकचा. डिस्कवरच्या डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा आवाज करणारी ही चिप. आता डिस्क बघा. सीडीवर आवाज 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिटांत असतो, 1982 पासून तसाच आहे. डीव्हीडीवरच्या सिनेमाचा डॉल्बी आवाज 48 किलोहर्ट्झचा. 192 चा आवाज डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्या डिस्कवर मिळायचा. तुमच्या घरात आहे एक तरी?

बरं, पुढे ऐका. प्लेअर एचडीएमआयनं टीव्हीला जोडला की आवाज डिजिटलच बाहेर पडतो. त्याचा आवाज करण्याचं काम टीव्ही करतो. म्हणजे ज्या चिपच्या नावावर हजार रुपये जास्त मोजले, ती चालूच होत नाही.

डीप कलरचीही तीच गत. साध्या ब्लू-रे डिस्कवर रंग 8 बिटांत साठवलेले असतात. प्लेअरनं ते 12 बिटांत पाठवले म्हणून डिस्कवर नसलेल्या छटा कुठून येणार?

"काका, हा फोर-के करतो. तुमच्या जुन्या डीव्हीड्या नव्यासारख्या दिसतील."

नाही दिसणार. हिशेब घाला. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीचं चित्र 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपके. फोर-के टीव्हीचं 3840 गुणिले 2160, म्हणजे 82,94,400. भागाकार करा, बरोबर 20 येतात. पडद्यावरच्या दर 20 ठिपक्यांतला एक डिस्कवरचा. उरलेले 19 यंत्रानं अंदाजानं भरलेले.

व्हीसीडीचं विचारूच नका. 352 गुणिले 288. तिथे डिस्कवरच्या एका ठिपक्यामागे पडद्यावरचे 80 हून अधिक.

अंदाज चांगला बांधला तर कडा गुळगुळीत दिसतात, हे खरं. पण पाणी घालून आमटी पातेलंभर झाली, तरी डाळ तेवढीच राहते.

आणि हे काम तुमचा टीव्ही फुकट करतोच. त्यानं ठिपके वाढवले नाहीत, तर डीव्हीडीचं चित्र एका कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढं दिसेल. मग दोघांपैकी कोण बरं वाढवतं? प्लेअर एकदा 576 वर ठेवून बघा, एकदा वरच्या आकड्यावर. ज्यात चेहरा बरा दिसेल ते ठेवा. त्यासाठी नवा प्लेअर कशाला?

त्यापेक्षा प्लेअरची पाठ फिरवा आणि वायर बघा. खरा घोळ तिथे आहे.

मागे पिवळं भोक असतं, त्याच्याशेजारी लाल आणि पांढरं. पिवळ्यातून चित्र, लाल-पांढऱ्यातून उजवा-डावा आवाज. प्लेअरबरोबर हीच तीन पिनांची वायर फुकट मिळते, म्हणून घरोघरी हीच लागलेली असते. चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग दोन्ही या एका पिवळ्या वायरीत कालवून पाठवतात. टीव्हीनं ते पुन्हा वेगळे काढायचे. ते नीट निघत नाहीत. म्हणून बारीक चौकड्यांचं लुगडं किंवा बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर आला, की त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग वळवळायला लागतात.

लोक डिस्कला नावं ठेवतात. दोष वायरीचा.

हिरवं, निळं, लाल अशी तीन भोकं दिसली तर ती कॉम्पोनंटची. उजेड एका वायरीत, रंगाची माहिती उरलेल्या दोघींत. पिवळीपेक्षा कितीतरी चांगली. पण हिच्यात एक सापळा आहे. चित्राच्या तीन पिना आणि आवाजाच्या दोन अशा पाच पिना होतात, आणि त्यात लाल दोन असतात. त्या दोन लाल पिनांची अदलाबदल झाली की चेहरे हिरवट आणि उजव्या स्पीकरमधून गुरगुर. एवढ्यासाठी प्लेअर दुरुस्तीला गेलेले आहेत.

दुसरा सापळा 'प्रोग्रेसिव्ह' या बटणाचा. जुना टीव्ही एका दमात निम्म्याच ओळी दाखवतो, आधी एक सोडून एक आणि मग उरलेल्या. त्याला म्हणतात इंटरलेस्ड, आकड्यापुढचा 'आय'. प्रोग्रेसिव्ह म्हणजे सगळ्या ओळी एकदम, तो 'पी'. कॉम्पोनंट लावलेल्या जुन्या टीव्हीला 'पी' झेपत नसेल आणि रिमोटवरचं ते बटण चुकून दाबलं गेलं, तर पडदा काळा होतो किंवा चित्र फाटतं. प्लेअर बिघडलेला नसतो. पिवळी वायर तात्पुरती लावा, सेटअपमध्ये जाऊन प्रोग्रेसिव्ह बंद करा, वायर परत बदला. खर्च शून्य.

प्लेअरला आणि टीव्हीला दोघांनाही एचडीएमआयचं भोक असेल, तर वरचं सगळं विसरा. एक वायर, चित्र आणि आवाज दोन्ही. मग ती महागातली घ्यावी का?

नको. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरीतून रंग जास्त गडद येत नाहीत. डिजिटल संदेश नीट पोचतो, नाहीतर चित्रात ठिपके चमकतात आणि पडदा मधूनच जातो. खराब वायर अशी लगेच उघडी पडते. वायरीवर 'हाय स्पीड' लिहिलेलं बघा, ब्लू-रेपर्यंत पुरतं. फोर-के डिस्कसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' बघा. आणि वायरीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात '2.0' किंवा '2.1' छापलेलं दिसलं, तर सावध व्हा. एचडीएमआयच्या परवान्याचे नियमच सांगतात की वायर आवृत्तीच्या आकड्यानं विकायची नाही.

आता आकार. याची चीड येते, कारण दुरुस्ती दोन मिनिटांची आहे आणि वर्षानुवर्षं कोणी करत नाही.

प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' किंवा 'टीव्ही डिस्प्ले' अशी ओळ असते. तिथे तीन पर्याय असतात: '4:3 पीएस', '4:3 एलबी', '16:9'. बरेच प्लेअर कारखान्यातून 4:3 वर येतात. घरात रुंद टीव्ही आला, प्लेअरला कोणी सांगितलंच नाही. 'पीएस' म्हणजे पॅन अँड स्कॅन, डिस्कनं मुभा दिली असेल तर चित्राच्या दोन्ही बाजू सरळ कापतो. दोन माणसं बोलत असतील तर एक गायब. 'एलबी' म्हणजे लेटरबॉक्स, तो चित्र आखडून वरखाली पट्ट्या लावतो. त्यात 576 पैकी 432 च ओळी चित्राला उरतात.

एक चतुर्थांश चित्र पट्ट्यांना. ते तुम्ही विकत घेतलं होतं.

'16:9' करा. झालं.

तरीही सिनेमास्कोप चित्रपटाला वर-खाली काळ्या पट्ट्या राहतील, कारण तो 2.35 ला 1 या मापात काढलेला असतो आणि तुमचा टीव्ही 1.78 ला 1 आहे. त्या पट्ट्या राहू द्या. दिग्दर्शकानं चौकट तेवढीच आखली होती. पडदा भरावा म्हणून 'झूम' दाबणारा माणूस पडदा भरतो आणि कडेची पात्रं घालवतो.

याच्या उलटा गुन्हा जुन्या लग्नाच्या डिस्कवर होतो. चित्रीकरण 4:3 मधलं, टीव्ही 'फुल'वर. नवरा-नवरी, मामा, भटजी, सगळे आडवे फुगलेले. आपल्याच आईवडिलांची तोंडं अशी बघवतात तरी कशी? टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या आकाराचं बटण असतं. 4:3 करा. बाजूला काळं येईल, माणसं मात्र आपल्या मूळ मापात येतील.

आपल्याकडची पाल आणि अमेरिकेतली एनटीएससी यांवर एवढंच, आणि हे गाण्याची आवड असणाऱ्यांसाठी. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी काढतात. पाल पद्धत 25 नं चालते. म्हणून पाल डिस्कवर सिनेमा 4 टक्के जोरात पळवतात. अडीच तासांचा सिनेमा 144 मिनिटांत उरकतो. आवाजाची पट्टी मुद्दाम दुरुस्त केली नसेल तर गाणंही वर चढतं. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनकडे सरकतं आणि मध्येच कुठेतरी थांबतं. पेटी घेऊन साथीला बसा, स्वर सापडणार नाही. पेटी बेसूर नसते, गायक तर नसतोच नसतो.

एनटीएससीत पट्टी शाबूत राहते. तिथे 24 चौकटी 30 च्या मापात बसवायला काही चौकटी जास्त वेळ दाखवतात. कॅमेरा आडवा सरकला की हलका झटका दिसतो. फुकट काहीच नाही.

चला आवाजाकडे. इथे थापांना ऊत आलेला आहे.

'5000 वॅट पीएमपीओ.' कुठून आणले 5000? खोक्याच्या मागची चकती वाचा. वीज लागते 60 वॅट, असं तिथेच छापलेलं सापडेल. आत 60 जातात आणि बाहेर 5000 येतात, हे कुठल्या शाळेत शिकवलं? पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. ज्याला जो आकडा आवडेल तो छापावा. आरएमएस वॅट विचारा, तोही किती स्पीकरचा मिळून आहे ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात तपकीर गल्ली आहे, दुकानांचा तुटवडा नाही.

'5.1' म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन. तो '.1' म्हणजे फक्त खालच्या घुमाऱ्याची वाट, 120 हर्ट्झच्या खालची. संवाद असतात बहुतेक सगळे मधल्या स्पीकरवर. हे वाक्य लक्षात ठेवा, अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

"गाणी खणखणीत वाजतात, पण बोललेलं ऐकूच येत नाही हो!" घरातली आजी म्हणते आणि सगळे तिच्या कानांना दोष देतात. तिचे कान ठीक आहेत. होम थिएटरचे दोनच स्पीकर जागेअभावी लावलेत, मधला माळ्यावर आहे, आणि प्लेअरच्या 'स्पीकर सेटअप'मध्ये 'सेंटर' अजून चालू आहे. प्लेअर इमानानं सगळे संवाद त्या भोकाकडे पाठवतोय, जिथे काहीच जोडलेलं नाही. सेंटर बंद करा किंवा 'डाउनमिक्स'मध्ये 'स्टिरिओ' निवडा. आजीची माफी मागा.

संवाद हळू आणि स्फोट कानठळ्या बसवणारे, ही दुसरी तक्रार. त्यासाठी 'डीआरसी' किंवा 'नाइट मोड' नावाचं सेटिंग आहे. मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. रात्री शेजारी झोपलेले असताना लावा. दिवसा काढा, नाहीतर सिनेमातला मृदंग आणि मांजर सारख्याच आवाजात येतील.

डॉल्बी डिजिटलचा शिक्का बघून सीडीपेक्षा चांगला आवाज समजू नका. सीडीच्या दोन वाटांना सेकंदाला 1411 किलोबिट मिळतात. डीव्हीडीवर डॉल्बीच्या सहाही वाटांना मिळून फार तर 448. बरंच काही गाळून टाकलेलं असतं. न गाळलेला आवाज हवा असेल तर तो ब्लू-रेवर 'डॉल्बी ट्रूएचडी' किंवा 'डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ' या नावानं असतो.

आणि तो लाल उजेडाच्या ऑप्टिकल वायरीतून जात नाही.

ब्लू-रे प्लेअर घेतला, होम थिएटर घेतलं, ऑप्टिकल लावली. डीव्हीडीच्या जमान्यातलाच आवाज ऐकत बसले. एचडीएमआय लावा, आवाजाच्या सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम' निवडा आणि 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' बंद करा. मेनूचे टिकटिक आवाज मिसळण्यासाठी प्लेअर मूळ आवाज मोडून पुन्हा बांधतो, डोक्यावरूनही आवाज आणणारा अ‍ॅटमॉस असेल तर तोही त्यात जातो. टिकटिकीसाठी अ‍ॅटमॉस गमावायचा?

"मामा, तुमच्यासाठी खास अमेरिकेहून आणली!" भाच्यानं प्रेमानं आणलेली डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली की पाटी येते, 'राँग रीजन'. अमेरिका रीजन 1, भारत रीजन 5. डिस्क उत्तम, प्लेअर उत्तम, फक्त कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत. ब्लू-रेला अक्षरं आहेत, अमेरिका 'ए', आपण 'सी'. मागच्या बाजूला पृथ्वीगोलाचं चित्र असतं, त्यात '0' किंवा 'ऑल' बघून घ्यायला भाच्याला सांगा. फोर-के डिस्कवर रीजनची कटकट नाही. उलट्या दिशेनंही तेच. इथून नाटकाची पाल डीव्हीडी न्यू जर्सीला पाठवाल, तर तिकडचे बरेच प्लेअर आणि टीव्ही ती दाखवायला नकार देतील.

फोर-के आणि एचडीआरवर, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या चित्रावर, थोडक्यात. 'एचडीआर सपोर्टेड' याचा अर्थ टीव्ही तो संदेश घेतो. दाखवू शकतो असा नाही. अनेक एचडीआर सिनेमे 1000 निट किंवा त्याहून जास्त उजेड धरून तयार केलेले असतात, स्वस्त टीव्ही जेमतेम 300 च्या आसपास थकतो. दुकानात निट विचारा. सेल्समन गडबडला की उत्तर मिळालं.

आणि टीव्हीतलं ते 'मोशन स्मूदिंग' आजच बंद करा. यंत्र मधल्या चौकटी स्वतः बनवतं आणि कोट्यवधींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. 2018 मध्ये टॉम क्रूझनं कॅमेऱ्यासमोर उभं राहून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती. एवढ्या मोठ्या नटाला ते सांगावं लागलं, कारण टीव्ही कंपन्या ते चालू ठेवूनच विकतात.

आता डिस्क कोण बघतं, असं म्हणाल. बघण्यासारखं आहे म्हणून सांगतोय. फोर-के ब्लू-रे सेकंदाला 128 मेगाबिटांपर्यंत माहिती देऊ शकते. नेटफ्लिक्स फोर-केसाठी 15 मेगाबिटांचं इंटरनेट पुरेसं धरतं. दोन्हींवर शिक्का एकच, 'फोर-के'. फरक अंधाऱ्या प्रसंगात कळतो. काळ्या भिंतीवर चौकोनी डाग पडले, तर ते रात्रीचं दृश्य नव्हे, ती काटकसर.

शिवाय घराघरांतल्या त्या डिस्का आहेतच. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि भाजीच्या पिशवीतून सिनेमे घरी आले. त्यातले आणि नाटकांचे कित्येक आज कुठल्याच ॲपवर सापडत नाहीत. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. पुन्हा छापून कोण देणार?

जपतो मात्र आपण चुकीची बाजू. चकचकीत बाजू वर आणि छापील बाजू टेबलावर घासत. सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. चकचकीत बाजूला 1.2 मिलिमीटर प्लास्टिकचं चिलखत आहे, छापील बाजूला नुसता लाखेचा पातळ थर. बॉलपेननं जोर देऊन 'बारसं' लिहिलंत, की बारसं गेलं. डीव्हीडीत थर मधोमध, 0.6 मिलिमीटरवर, म्हणून ती थोडं सोसते. ब्लू-रेत चकचकीत बाजूला अवघ्या 0.1 मिलिमीटरवर, तिला खालून जपा.

सगळ्यात नाजूक डिस्क कुठली? फोटोग्राफरनं लिहून दिलेली. विकतची डिस्क साच्यात दाबलेली असते, डीव्हीडी-आर लेसरनं रंगाच्या थरावर लिहिलेली. खालची बाजू जांभळट दिसली तर ती हीच. ऊन आणि उष्णता लागली की तो रंग उतरत जातो, माहितीही त्याच्याबरोबर. घरच्या रेकॉर्डरवर लिहिलेली असेल तर 'फायनलाइझ' केलीय का तेही बघा. केली नसेल तर ती त्याच रेकॉर्डरवर चालेल, आणि तो रेकॉर्डर मेला की डिस्कही मेली.

लग्न, मुंज, आजोबांची पंच्याहत्तरी, अशा जांभळट डिस्का या रविवारी काढा. ज्या संगणकाला अजून डिस्कचा खण आहे, त्यावर त्या उतरवून घ्या. एका डिस्कला 4.7 जीबीपेक्षा जास्त जागा बहुधा लागणार नाही. एक प्रत घरात ठेवा, दुसरी भावाकडे किंवा बहिणीकडे द्या. पुढच्या रविवारवर ढकलू नका.